निगेटिव्ह कुणाच्या हातात?

‘पारंपरिक’ हा शब्द कानावर पडला की आपल्या माणसानं आधी एकच विचारावं : कुणाची परंपरा? पारंपरिक पोशाख, पारंपरिक जेवण, पारंपरिक धंदा. आमचा पारंपरिक धंदा काय होता ते आम्हाला पाठ आहे. त्यातून बाहेर पडता पडता आमच्या आज्या-पणज्यांची हाडं झिजली. आता या यादीत आणखी एक भर पडलीय. पारंपरिक फोटोग्राफी. फिल्मची, काळी-पांढरी.

कर्जतपासून खालापूरपर्यंत एसटीनं जा. रस्त्याच्या दोन्ही अंगाला भाताची खाचरं होती, तिथं आता फार्महाऊस आहेत. शनिवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या येतात, रविवारी संध्याकाळी जातात. त्यांच्यासाठी कुठं योग आहे, कुठं मडकी घडवणं आहे, आणि हल्ली फिल्म कॅमेरा शिकवणं आहे. दोन दिवस मोबाईल बंद ठेवायचा, सावकाश जगायचं, छत्तीस फोटोंचा एक रोल उडवायचा, लाल दिव्याच्या खोलीत कागदावर चेहरा उमटताना बघून ‘वॉव’ म्हणायचं. चेहरा कुणाचा? डोक्यावर मोळी घेतलेल्या ठाकरणीचा. वीटभट्टीवरच्या कातकऱ्याचा. सुरकुत्या जितक्या जास्त तितका फोटो भारी.

मी अशा एका ठिकाणी चौकशीला गेलो होतो. ब्रोमाइड कागदावर मोठी प्रिंट कशी काढतात ते मला शिकायचं होतं. फी ऐकली. माझ्या निम्म्या महिन्याची हजेरी. मी गप्प उभा राहिलो तसा तिथला माणूस अगदी गोड आवाजात म्हणाला, ‘तुम्ही या ना रविवारी. पोर्ट्रेटसाठी गावातली माणसं लागतातच आम्हाला. चहा-नाश्ता मिळेल.’

म्हणजे कॅमेऱ्याच्या कुठल्या बाजूला माझी जागा, ते त्यानं माझ्या तोंडाकडं बघूनच ठरवलं होतं. एवढ्यासाठी हा लेख लिहितोय.

दोस्तहो, या कलेची परंपरा काय आहे ते आधी बघू. फोटोग्राफी जगापुढं आली १८३९ साली. म्हणजे ती वेदांत नाही, पुराणात नाही, मनुस्मृतीत नाही. आमच्या सावलीचा विटाळ मानणाऱ्यांकडं सावली पकडायचं हे यंत्र आलं तेच परदेशातून. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ मध्ये. तिच्या उभारणीतला विल्यम जॉन्सन नावाचा साहेब. त्यानं मुंबईतल्या जातीजमातींवर दोन भागांचं पुस्तक काढलं, १८६३ आणि १८६६ साली. त्यात युक्ती अशी, की माणसं एकीकडं उभी करून त्यांचे फोटो घ्यायचे, ते कापायचे, आणि मागं दुसऱ्याच जागेचा देखावा चिकटवायचा. माणूस खरा, जागा खोटी. पुढं सरकारनं १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे आठ भाग छापले. जातवार, जमातवार माणसं. फोटोखाली जातीचं नाव आणि तिच्या स्वभावावर शेरे. माणसाचं स्वतःचं नाव बहुतेक ठिकाणी नाहीच. जातीचा दाखला तहसीलदाराच्या आधी कॅमेऱ्यानं दिलाय आपल्याला.

आता आपल्या दारातलंच बघा. पळसदरीहून वर खंडाळ्याकडं जाणारा रेल्वेचा घाट. बोरघाट. काम सुरू झालं १८५६ मध्ये, गाडी चढली १८६३ मध्ये. ऐन भरात तिथं चाळीस हजारांवर माणसं राबत होती. पटकीनं माणसं मेली, दरडीनं मेली, सुरुंगानं मेली. मजुरीच्या तंट्यावरून १८५९ मध्ये मजूर उठले, आणि सरकारनं १८६० मध्ये मालक-मजुरांच्या तंट्यांसाठी कायदा केला. सॉलोमन ट्रेडवेल या कंत्राटदारानं काम घेतलं आणि तो १८५९ मध्येच मेला. मग त्याची बायको ॲलिस ट्रेडवेल हिनं इंजिनियर नेमून काम पुरं करून घेतलं. घाटाच्या कामाचे त्या काळातले फोटोही तिच्या नावावर आहेत. बाई म्हणून तिचं कौतुक मला आहे, खोटं कशाला बोलू. पण त्या घाटाच्या बोगद्यांत ज्यांनी सुरुंग भरले, त्यांच्यात आपला कोण, कुठल्या गावचा, काय नावाचा? कंत्राटदार कोण, त्याची बायको कोण, फोटो कुणी काढला, हे सगळं इतिहासात आहे. चाळीस हजारांना मिळून एकच नाव : मजूर.

मग आपली परंपरा कुठली? तीही इथंच आहे. त्याच कर्जत तालुक्यात, राजमाचीच्या पायथ्याला कोंडाण्याची लेणी आहेत. बौद्ध लेणी, दोन हजार वर्षांमागची. तिथं चैत्यगृहाच्या दर्शनी भागात एका मोडक्या मूर्तीजवळ ब्राह्मी अक्षरं कोरलेली आहेत. अर्थ एवढाच : कण्हाचा शिष्य बलक यानं हे केलं. दोन हजार वर्षांपूर्वी छिन्नी धरणारा माणूस दगडावर आपलं नाव लिहून गेला, गुरूचंही लिहून गेला. आणि दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी त्याच डोंगराच्या कुशीत बोगदा फोडणाऱ्याचं नाव कुणाला लिहावंसं वाटलं नाही. ‘परंपरा’ म्हणायचीच असेल तर मी बलकाची म्हणीन. हातानं काम करणारा स्वतःचं नाव घालतो, ही परंपरा.

आता आपल्याच पोरांशी बोलतो. कारण शिव्या बाहेरच्यांनाच घालायच्या आणि घरात गप्प बसायचं, हा आपला धंदा नव्हे.

वस्तीतले दोस्त म्हणतात, ‘मोबाईल आहे की खिशात. दिवसाला शंभर फोटो निघतात, फुकट. तू हजार हजार रुपयांचा रोल कशाला आणतोस? ही श्रीमंतांची थेरं. पोटाला चिमटा काढून फिल्म? डोकं फिरलंय का तुझं?’

प्रश्न चुकीचा नाही. एका रोलपायी माझ्या दोन दिवसांच्या हजेरीवर पाणी पडतं, हे खरंय. मोबाईल टाकून द्या असंही मी म्हणत नाही. गावात मारहाण झाली, पोलीस तक्रार घेत नाही, पाणवठ्यावर अडवलं, तेव्हा मोबाईलच काढा. त्याच मिनिटाला काढा आणि दहा जणांना पाठवा. तिथं फिल्म घेऊन कोण बसेल? पण जो फोटो दुसऱ्या दिवशी लागतो तो वेगळा, आणि जो पन्नास वर्षांनी लागतो तो वेगळा.

मोबाईल पडतो, भिजतो, चोरीला जातो, हप्ते थकले की विकला जातो. फोटो त्याच्याबरोबर जातात. उरलेले कुठल्या तरी कंपनीच्या गोदामात असतात, आणि त्या गोदामाचं भाडं भरलं नाही की कुलूप. आपल्या आईचा चेहरा बघायला आपणच भाडेकरू. निगेटिव्ह तशी नाही. ती वस्तू आहे. पत्र्याच्या पेटीत साडीच्या घडीखाली ठेवता येते. तिला चार्जिंग लागत नाही, पासवर्ड लागत नाही. दिव्यासमोर धरली की माणूस दिसतो. नीट फिक्स केली, नीट धुतली, ओलीपासून जपली, तर नातवापर्यंत टिकते. आपल्याकडं ना सातबारा, ना वाडा, ना वंशावळ. आपल्या हातात राहील असं काहीतरी पाहिजे की नको?

६ डिसेंबर १९५६. बाबासाहेब गेले. दुसऱ्या दिवशी दादरला लाखोंची अंत्ययात्रा निघाली. ती आज आपण पडद्यावर बघू शकतो ती कशामुळं? नामदेव व्हटकर नावाच्या आपल्या माणसानं धडपडून पैसा उभा केला, कॅमेरा मिळवला आणि ती यात्रा फिल्मवर घेतली. थेरं म्हणून तो घरी बसला असता, तर आज आपल्याकडं काय असतं? त्यानं हिशेब मांडला तो पोटाचा नव्हता. ती फिल्म आपल्या हातात असली पाहिजे, एवढाच होता.

आणि जवळचं सांगू? १९ जुलै २०२३ ची रात्र. खालापूर तालुका, इर्शाळवाडी. डोंगर उतरला आणि ठाकरांची वाडी गाडली गेली. २७ जणांची प्रेतं सापडली. ५७ माणसं मातीतच राहिली. चार दिवसांनी शोध थांबवला. त्या चार दिवसांत किती कॅमेरे आले! त्याआधी वर्षानुवर्षं त्याच वाडीतून वाट काढत लोक इर्शाळगडावर जात होते. नेढ्याचे फोटो, ढगांचे फोटो, स्वतःचे फोटो. वाडीतल्या माणसांचे किती? आणि काढले असतील, तर त्यातला एक तरी कागदावर छापून त्या घरात परत गेला का? ज्याला जिवंतपणी कुणी चौकटीत घेतलं नाही, त्याच्यावर दरड कोसळली की तो बातमी होतो. म्हणून म्हणतो, आपल्या माणसाचा फोटो जिवंतपणी, आपणच काढला पाहिजे.

आमच्या घरात आजीचा फोटो आहे. आजी गेली तेव्हा तिचा धड एक फोटो नव्हता. मतदार ओळखपत्रावरचा काढून स्टुडिओत नेला. स्टुडिओवाल्यानं मोठा करून दिला, मागं निळं आकाश आणि गुलाब टाकले, आणि तिला गोरी केली. न विचारता. ‘चांगलं दिसतं,’ म्हणाला. भिंतीवर हार घातलेली ती बाई कोण आहे मला माहीत नाही. माझी आजी काळी होती. उन्हात भात लावून लावून आणखी काळी झाली होती.

इथं काळ्या-पांढऱ्या फिल्मचा खरा धडा सुरू होतो, आणि तो फार्महाऊसवर कुणी शिकवत नाही. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर धरून चालतो, की समोरचं सगळं जग सरासरीनं एका मधल्या राखाडी रंगाचं आहे. अठरा टक्के उजेड परत फेकणारा राखाडी. पांढरा सदरा घातलेला काळा माणूस भर उन्हात उभा करा. मीटर सदऱ्याला भुलतो, उजेड कमी घेतो, आणि माणसाच्या चेहऱ्याचा कोळसा होतो. डोळे गायब, गाल गायब. मग म्हणायचं, ‘काळ्या माणसाचा फोटो चांगला येत नाही.’ अरे, येत नाही कसा? मोजमाप दुसऱ्याचं लावलंस म्हणून येत नाही! जवळ जा. चेहऱ्याला चेहरा भिडेल इतका जवळ जा आणि त्या कातडीवरचा उजेड मोज. मीटर तिलाही राखाडी करायला बघेल, म्हणून एक स्टॉप उजेड कमी कर. मग बघ, कपाळावरची चमक येते, गालाचा उतार येतो, काळा रंग काळाच राहतो आणि त्यात माणूस दिसतो. पूर्वीच्या फिल्मला तर लाल रंग दिसतच नव्हता. तांबूस, सावळी कातडी त्यात होती त्याहून काळी उमटायची. जुन्या फोटोंतले आपले लोक इतके काळेठिक्कर का, याचं एक कारण रसायनात आहे. म्हणून मी म्हणतो, रसायन शिका. दुसऱ्यानं काढलेल्या फोटोवर नुसतं रडून काय होणार?

आणि हे रसायन काही गुपित मंत्र नाही. शूद्राच्या कानात शिसं ओतावं असं यात काही नाही. डी-७६ नावाचा डेव्हलपर आहे. १९२७ च्या सुमारास बाहेर आला, म्हणजे महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं त्याच सुमारास. आजही जगभर चालतो. एक लिटर पाण्याला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. झालं. ही घ्या गुरुदक्षिणा न घेता दिलेली विद्या. अंगठा तुमच्याकडंच ठेवा, टँक हलवायला लागतो. हातमोजे घाला, मेटॉलनं काहींच्या कातडीला खाज सुटते. रोल गच्च अंधारात रिळावर चढवायचा. लाल दिवासुद्धा नको, तो फक्त कागदासाठी. पाणी वीस अंशांचं पाहिजे. खोपोलीत मे महिन्यात नळाला ते कुठून येणार? बादलीत बर्फाची पिशवी सोडायची. मग हायपो. फिल्मवरची उजेड न लागलेली चांदी हायपो विरघळवून नेतो, हे १८१९ सालापासून माणसाला ठाऊक आहे. शेवटी भरपूर पाण्यात धुणं. धुण्यात कामचुकारपणा केला तर चार-पाच वर्षांत फोटो पिवळा पडतो. वापरलेला हायपो गटारात ओतायचा नाही, त्यात चांदी असते. आपल्या पाताळगंगेत आधीच काय कमी सोडतात?

मी हे कुठं शिकलो? पेपर मिलमध्ये कंत्राटी कामाला आहे. रद्दीचे गठ्ठे फोडायचे आणि पल्परला घालायचे. एका गठ्ठ्यात मुखपृष्ठ नसलेलं डार्करूमचं जुनं पुस्तक निघालं. ते जेवणाच्या सुट्टीत वाचलं, अडलेला शब्द मोबाईलवर शोधला. मोडका कॅमेरा भंगारवाल्याकडून आणला. एन्लार्जर नाही. निगेटिव्ह कागदावर ठेवतो, वर काच ठेवतो, बल्ब लावतो आणि मोजतो. फोटो छोटा येतो, पण येतो. ज्याला आठ तास वाफेत, ब्लीचच्या वासात, मशीनच्या तालावर काम करायची सवय आहे, त्याला वेळ आणि तापमान सांभाळणं नवीन नाही. त्यांना दोन दिवस जे ‘सावकाश जगणं’ वाटतं, ती आमच्यासाठी एक शिफ्ट आहे. फरक एवढाच, की या शिफ्टचा माल आपला.

काळ्या अमेरिकेकडून आपल्या बापजाद्यांनी ‘पँथर’ हे नाव उचललं, १९७२ मध्ये. तिथलाच एक माणूस, गॉर्डन पार्क्स. रेल्वेत वेटर होता. गहाणवटीच्या दुकानातून जुना कॅमेरा घेतला आणि स्वतःच शिकला. १९४२ मध्ये वॉशिंग्टनच्या सरकारी कचेरीत झाडू मारणाऱ्या एला वॉटसनला त्यानं अमेरिकेच्या झेंड्यासमोर उभं केलं. एका हातात झाडू, बाजूला पोछा. त्या एका फोटोनं जे विचारलं त्याचं उत्तर तो देश अजून शोधतोय. बघा, त्या बाईचं नाव आपल्याला माहीत आहे. पार्क्सनं तिला नाव विचारलं, तिच्या घरी गेला, तिचं जगणं टिपलं. आपल्याकडं सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे काळे-पांढरे फोटो वर्षानुवर्षं काढले. गटारात उतरलेला माणूस, घरी परतलेला माणूस, त्याचं कुटुंब. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पद्मश्रीचं मला एवढं नाही. पण त्या फोटोंतली माणसं मोळीवाल्या ठाकरणीसारखी शोभेला उभी केलेली नाहीत, हे मला कळतं.

म्हणून शेवटची गोष्ट आपल्याच गळ्याशी येते. कॅमेरा हातात आला की आपणही साहेब होऊ शकतो. मी कातकरी वाडीत गेलो तर मीही बाहेरचाच. माझ्या हजेरीला निदान आकडा आहे. भट्टीवरचा कातकरी उचल घेऊन बायको-पोरांसकट बांधला गेलाय. मी त्याचा फोटो काढून मुंबईत मांडला आणि त्याच्या हातात काही दिलं नाही, तर मी आणि तो आठ भागांचं पुस्तक छापणारा साहेब यांत फरक काय? दलित असणं हा काही फोटो काढायचा परवाना नव्हे. म्हणून मी माझ्यापुरते नियम केलेत. विचारल्याशिवाय काढायचा नाही. नाव लिहिल्याशिवाय ठेवायचा नाही, आणि नाव तो सांगेल तेच. पहिली प्रिंट त्याची. तो नको म्हणाला तर निगेटिव्हही त्याची.

फार्महाऊसवाल्यांनो, तुम्ही शिका, आमची मनाई नाही. तलम कागदावर छापा, भिंतीवर लावा. पण आमच्या म्हाताऱ्यांच्या सुरकुत्या तुमच्या शिकवणीचा कच्चा माल नाहीत. सराव करायचा तर आधी तुमच्या आजीच्या सुरकुत्यांवर करा. आणि आमच्या हातानं धुतलेल्या रोलला ‘पारंपरिक’, ‘रेट्रो’ असलं काही म्हणू नका. आमचं हे पान सायक्लोस्टाईलवर निघतं ते हौस म्हणून नाही. स्टेन्सिल आम्ही कापतो, शाई आम्ही लावतो, म्हणून काय छापायचं ते आम्ही ठरवतो. फिल्मचंही तेच.

या पानावर फोटो छापता येत नाही, नाहीतर लेख लिहिला नसता, फोटोच दिला असता. म्हणून सांगणं एवढंच : कुणाच्या घरी माळ्यावर जुना कॅमेरा पडला असेल, बंद पडलेल्या स्टुडिओतला टँक, ट्रे, एन्लार्जर रद्दीच्या भावात निघत असेल, तर कळवा. रविवारी माझी सुट्टी असते. खोलीची खिडकी काळ्या कागदानं बुजवलेली आहे. फी नाही. येताना घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाचं पूर्ण नाव नीट विचारून, कागदावर लिहून आणा. पहिला फोटो त्याचा काढायचा आहे.